मालक, गट आणि इतर

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिली तक्रार आली. बार्शीहून कुणीतरी लिहिलं होतं, "बाबांचा कंठमणी बोलत नाही. पट्टा बदलून पाहिला. चार्जिंग भरपूर आहे." तेजस्विनी भोकरेने चहाचा कप बाजूला सरकवला आणि उत्तर लिहायला घेतलं. ते पुरं होण्याआधीच खाली आणखी सतरा तक्रारी येऊन थांबल्या. साडेअकराला आकडा नऊशेच्या पुढे गेला होता.

मग तिच्या फोनवर आईचा मेसेज आला. कुंदाताई मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम चुकवत नसत. "तेजू, माझा आवाज गेला. वाक्य अर्धं राहिलं. तुमच्याकडे काही झालं आहे का?"

तसा कुंदाताईंचा आवाज सहा वर्षांपूर्वीच गेला होता. सव्वीस वर्षं त्यांनी कराडच्या एसटी स्टँडवर, नियंत्रण कक्षातल्या माईकपुढे बसून गाड्यांची घोषणा केली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय तालुक्यातलं माणूस घरी पोचत नसे. आयुष्यात तंबाखूला बोट न लावलेल्या या बाईला घशाचा कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. पुढची दोन वर्षं त्या पाटीवर लिहून बोलल्या. पाटी पुसायचं फडकं खांद्यावरच असायचं.

नंतर कंठमणी आला.

कंठमणी म्हणजे गळ्याभोवती, हनुवटीच्या खाली बसणारा दोन बोटं रुंद पट्टा. त्यामागचं तत्त्व साधं होतं. स्वरयंत्र काढलं म्हणून मेंदू बोलायचा थांबत नाही. तो जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना पूर्वीसारखेच हुकूम सोडत राहतो; त्या हालचालींना सूर देणारं यंत्र तेवढं जागेवर नसतं. पट्ट्यातले संवेदक त्या हुकमांचे बारीक विद्युतसंदेश कातडीवरूनच टिपायचे आणि सर्व्हरकडे पाठवायचे. सर्व्हरवर प्रत्येक रुग्णाची एक फाइल असायची. तिला सगळे स्वरबीज म्हणत. त्या माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून, त्याचा पोत, त्याचे हेल, त्याचं अडखळणंसुद्धा शिकून हे स्वरबीज बनवलेलं असे. सर्व्हर ते उघडून आलेल्या संदेशांचा आवाज करी आणि पट्ट्यातल्या स्पीकरला परत धाडी. हा सारा प्रवास सेकंदाच्या दहाव्या हिश्शात व्हायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, समोरचा माणूस बोलतोय. आणि तो बोलतच असायचा, अगदी स्वतःच्या आवाजात.

हे यंत्र एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार प्राध्यापकांनी आणि दोन शल्यचिकित्सकांनी लोकांच्या पैशातून, सरकारी निधीवर उभं केलं होतं. तेजस्विनी तेव्हापासून त्याचे सर्व्हर सांभाळत होती. पहिल्या पन्नास स्वरबीजांत आईचं स्वरबीज तिने स्वतःच्या हाताने चढवलं होतं. दीड वर्षापूर्वी पूर्वांग हेल्थ सिस्टिम्स या कंपनीने सेवा चालवायला घेतली. सर्व्हर गेले, त्यांच्याबरोबर तेजस्विनीही गेली. फक्त दारावरची पाटी बदलली, असंच तिला वाटलं होतं.

तिने आईला घाईघाईत लिहिलं, "बघते. बहुतेक माझीच चूक. शनिवारी सर्व्हरचं अपडेट केलं होतं."

तिला खरोखरच तसं वाटत होतं. नोंदवहीत सर्व्हर एकच ओळ पुन्हा पुन्हा ओरडत होता: परवानगी नाकारली. परवानगी नाकारली. परवानगी नाकारली. फाइल सापडत नाही असं नव्हतं. फाइल होती, आकार बरोबर होता, डिस्क ठणठणीत होती. सर्व्हरला ती उघडायला कुणी देत नव्हतं.

अशा वेळी काय तपासायचं याची एक ठरलेली रीत आहे. संगणकावरच्या प्रत्येक फाइलशी जगाचं नातं तीनच प्रकारचं असतं: मालक, गट आणि इतर. मालक एकच. गट म्हणजे ज्यांच्याशी मालकाचं काम आहे ते. इतर म्हणजे उरलेली दुनिया. या तिघांपैकी कुणी फाइल वाचायची, कुणी बदलायची आणि कुणी चालवायची, हे वेगवेगळं ठरवलेलं असतं. फोल्डरचंही तसंच. वाटेतल्या एका फोल्डरचं दार लागलं की आतली सगळी खोली बंद. म्हणून तपासणारा माणूस सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सुरुवात करतो आणि एकेक दार ढकलत आत जातो.

तेजस्विनी दारं ढकलत आत गेली. सगळी उघडी होती. शेजारच्या टेबलावरचा अरबाज मुजावर खुर्ची ओढून तिच्या मागे येऊन बसला होता.

"अपडेटने सर्व्हरचं खातं तर नाही बदललं?" त्याने विचारलं.

"नाही. तेच आहे. आणि अकरा हजारांपैकी सात हजार लोक व्यवस्थित बोलतायत, अरबाज. माझ्या अपडेटने बिघडलं असतं तर सगळेच गप्प झाले असते."

"मग गप्प झालेत ते कोण?"

तिने आईची फाइल उघडून दाखवायचा हुकूम दिला. गेली चार वर्षं तिथे मालक म्हणून कुंदाताईंचं खातं होतं आणि गट म्हणून सर्व्हरचा. आता मालकाच्या जागी 'पूर्वांग' होतं. गटाच्या जागी 'प्रलंबित'. तिने बार्शीच्या बाबांची फाइल पाहिली. मालक पूर्वांग, गट प्रलंबित. तिसरी पाहिली, चौथी पाहिली. मग बोलत असलेल्या एका माणसाची पाहिली. मालक पूर्वांग, गट सर्व्हरचा.

तिने सगळ्या फाइलींची यादी काढली. मालकी सगळ्या अकरा हजार जणांची काढून घेतली होती. आवाज मात्र तीन हजार आठशे बारा जणांचाच बंद केला होता. बदल शनिवारचा नव्हता. कुणीतरी सोमवारी संध्याकाळी सहा वाजता मुख्य कार्यालयातून एक आज्ञावली सर्व्हरवर ठेवली होती आणि ती मंगळवारी अकरा वीसला सुटेल अशी व्यवस्था केली होती.

"ही चूक नाहीये," अरबाज हळूच म्हणाला.

तेजस्विनीचे कान तापले. शेकडो लोकांना तिने गेल्या तासाभरात स्वतःच्या नावाने 'क्षमस्व' लिहिलं होतं.

तिने विभागप्रमुख हर्षद चिटणीसांना फोन लावला. ते पुण्यात बसत. आवाज नेहमीसारखा गोड होता.

"तेजस्विनी, शांत हो. ही एरर नाहीये. धोरण आहे. नवीन करार ज्यांनी मान्य केला नाही त्यांची सेवा प्रलंबित ठेवली आहे. तीन आठवडे वेळ दिला होता आपण. मेल नाही का वाचलास?"

"मेलमध्ये 'सेवेची फेररचना' लिहिलं होतं, सर."

"तेच हे."

"सर, फेररचना नाही ही. लोकांच्या तोंडातला आवाज काढून घेतलाय आपण. माणसं वाक्य बोलता बोलता गप्प झालीयेत. कुणी रस्त्यात असेल, कुणी दवाखान्यात असेल."

"एक बटण दाबायचंय त्यांना. दाबलं की दोन मिनिटांत सुरू."

"आणि मी त्यांना काय उत्तर देऊ?"

"तांत्रिक अडचण म्हण. नवा करार मान्य केल्यावर दूर होईल म्हण. आणि तक्रारी बंद करत जा, उघड्या दिसायला नकोत."

ते बटण तेजस्विनीला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी कुंदाताईंनी त्या कराराची शेहेचाळीस पानं छापून आणली होती आणि लाल पेन घेऊन दोन दिवस वाचली होती. एकतिसाव्या पानावर त्यांनी खूण केली होती. रुग्णाचा आवाज कंपनी कोणत्याही माध्यमात, कोणत्याही मजकुरासाठी वापरू शकेल.

"उद्या हे लोक माझ्या आवाजात पानमसाल्याची जाहिरात करतील," कुंदाताई तेव्हा म्हणाल्या होत्या. "माझ्या! घसा कापून काढला त्या बाईच्या आवाजात!"

तेजस्विनी हसली होती. "आई, करार कोण वाचतं? दाब आणि मोकळी हो."

ते आता आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

दीड वाजता ती रुग्णालयात गेली. कुंदाताई दर मंगळवारी तिथल्या कर्करोगाच्या वॉर्डात जात. ज्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलंय, त्यांच्याजवळ बसत आणि नुसत्या बोलत. डॉक्टरांनी तासभर समजावून जे होत नसे ते त्यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने व्हायचं, कारण समोरच्याला दिसायचं की हिचा गळा कापलाय आणि ही माझ्याशी भाजीच्या भावापासून सुनेच्या तक्रारीपर्यंत सगळं बोलतेय.

आज त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मुलीला पाहून त्यांनी तोंड उघडलं, काही शब्दांची हालचाल केली, आणि मग आठवण होऊन मिटलं.

कुंदाताईंनी फोनवर लिहून दाखवलं. "सर्जेराव निघून गेले."

सर्जेराव थोरवडे पाटण खोऱ्यातले. कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचं हा त्यांचा धंदा आणि हेच त्यांचं वेड. कोण पैलवान कुठल्या तालमीतला, त्याने कुणाला किती मिनिटांत अस्मान दाखवलं, हे ते असं सांगत की पाठीमागच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसायची. वय चोपन्न. उद्या, बुधवारी सकाळी, त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांची ध्वनिमुद्रणं मिळवून स्वरबीजही तयार ठेवलं होतं. तरी माणूस भ्यालेला होता. कुंदाताई त्यांना सांगत होत्या, "मलाही वाटलं होतं की आता संपलं सगळं, पण बघा..." आणि 'बघा'नंतर आवाज गेला. ओठ हलत राहिले.

"त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं," कुंदाताईंनी लिहिलं. "मग पट्ट्याकडे. मी खुणेने थांबा म्हटलं. पाटी आणेपर्यंत त्यांनी पिशवी भरली होती. सिस्टरने अडवलं तर म्हणाले, ह्यापरीस मेलेलं बरं."

तेजस्विनी त्यांच्या शेजारी बसली. काय करता येईल याचा तिने भराभर विचार केला आणि जे सगळ्यात जवळ होतं ते बोलून टाकलं.

"आई, तू ते बटण दाब. आत्ता. दोन मिनिटांत आवाज येईल. सर्जेरावांना फोन लाव, बोल त्यांच्याशी. कराराचं मागाहून बघू आपण."

कुंदाताई तिच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी तेजस्विनीने एकदा दुकानातून न विचारता पेन्सिल आणली होती तेव्हा अशाच बघितल्या होत्या. मग त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर दाबत लिहिलं.

"दाबते. पण मग त्यांना काय सांगू? की आवाज परत मिळतो, फक्त आपला राहत नाही?"

ती उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑफिसला परत निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले दात इतका वेळ आवळलेलेच आहेत.

अरबाजने डबा उघडलेला नव्हता. "मी सांगू? तीन सात टाक आणि विषय संपव," तो म्हणाला.

तीन सात हा त्यांच्या धंद्यातला आळशी माणसाचा उपाय. तीन आकडे, तिन्ही सात: मालकाला सगळं, गटाला सगळं, इतरांना सगळं. सगळी दारं सताड उघडी. परवानगीची कटकट जागच्या जागी मिटते, म्हणून नवशिकी पोरं सर्रास तेच करतात.

"आणि मग?" तेजस्विनी म्हणाली. "उद्या कुणीही आत शिरून माझ्या आईचं स्वरबीज उचलेल आणि तिच्या आवाजात माझ्याच मावशीला फोन करेल. कंपनीच्या तावडीतून काढून चोरांच्या हातात द्यायचं? नाही."

"मग करणार काय?"

"ज्याचं त्याला देणार."

पण तसं करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, कारण मालकी बदलण्याची ताकद असलेलं सर्वोच्च खातं तिच्या हाती होतं आणि नेमकी तीच ताकद कुणीतरी काल वापरली होती. ताकद आहे म्हणून करायचं तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? तिने दीड वर्षापूर्वीचा हस्तांतरणाचा दस्त शोधून काढला. महाविद्यालयाच्या त्या चार प्राध्यापकांपैकी कुणीतरी शहाणा असावा. सातवं कलम स्पष्ट होतं: स्वरबीज ही रुग्णाची मालमत्ता आहे, सर्व्हरवर तिची मालकी रुग्णाच्याच खात्याकडे राहील, रुग्णाच्या लेखी संमतीवाचून झालेला कोणताही बदल सेवेवरील तंत्रज्ञाने तात्काळ पूर्ववत करावा. खाली पूर्वांगची सही होती, शिक्का होता.

तेजस्विनीने ते कलम दोनदा वाचलं. नव्या करारात आवाज वापरू देण्याची संमती होती, मालकी सोडल्याची नव्हती. आपण आत्ता रागावलो आहोत, हे तिला कळत होतं. म्हणून तिने एकेक पायरी कागदावर लिहिली आणि अरबाजला तपासायला दिली. रविवारच्या बॅकअपमध्ये प्रत्येक फाइलचा मालक कोण आणि गट कोणता याची यादी होती. त्या यादीबरहुकूम अकरा हजार फाइली ज्याच्या त्याच्या नावे करायच्या. आणि आणखी एक गोष्ट. मालकाला आपली फाइल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची जी परवानगी महाविद्यालयाच्या काळात होती आणि पूर्वांगने पहिल्याच महिन्यात गुपचूप काढली होती, तीही परत द्यायची. आजकालचे फोन एवढे तगडे झाले होते की स्वरबीज फोनवर ठेवूनही कंठमणी चालला असता. सर्व्हरची गरज कधीच संपली होती. लोक आपल्या मुठीत राहावेत म्हणून ती टिकवून धरली होती.

"अरबाज, तू घरी जा," ती म्हणाली. "तुझी दोन मुलं आहेत."

"गप बस," अरबाज म्हणाला. "चौथ्या ओळीत तू एक फोल्डर विसरलीयेस."

तीन वाजून पाच मिनिटांनी तिने हुकूम सोडला. चौदा मिनिटं पडद्यावरून नावं सरकत राहिली. मालक: अनुसया. मालक: बशीर. मालक: गणपत. मालक: कुंदा. प्रत्येक तक्रारीखाली तिने आधीचं 'क्षमस्व' खोडून खरं लिहिलं: "ही तांत्रिक अडचण नव्हती. कंपनीने तुमच्या आवाजाची मालकी तुमच्या संमतीशिवाय स्वतःकडे घेतली होती. ती तुम्हाला परत केली आहे. तुमची फाइल तुमची आहे. आजच उतरवून घ्या." खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि तोच मजकूर अकराही हजार जणांना पाठवला.

तीन वीसला फोन वाजला.

"तेजू," कुंदाताई म्हणाल्या. "आला." आणि मग तो फलाटावरून घुमणारा आवाज रडायला लागला.

पावणेपाचला तेजस्विनीचं खातं बंद झालं. तोवर नऊ हजारांवर लोकांनी आपापली स्वरबीजं उतरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीने तिला आणि अरबाजला काढून टाकलं आणि तिच्याविरुद्ध गोपनीय माहितीच्या चोरीची तक्रार दिली. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने तक्रार वाचून विचारलं, "चोरी करून माल कुणाला दिला?" ती म्हणाली, "ज्याचा होता त्याला." त्याने मान खाजवली आणि तरीही नोंद करून घेतली.

कुंदाताईंना मात्र या कशाची फिकीर नव्हती. त्या सर्जेरावांच्या मागे लागल्या होत्या. फोन बंद. चौथ्या दिवशी त्या आणि तेजस्विनी एसटीने त्यांच्या गावी गेल्या तर सर्जेराव कुठल्याशा पाहुण्याकडे. पुन्हा गेल्या, पुन्हा नाहीत. तिसऱ्या खेपेला ते घराच्या ओसरीत सापडले. आवाज घोगरा, फाटलेला झाला होता, पण अजून स्वतःचा होता.

"ताई, तुमच्याबद्दल माझी कायबी तक्रार न्हाई," ते म्हणाले. "पर तुमचं तोंड हाललं अन् आवाज न्हाई आला, ते डोळ्यासमोरनं जात न्हाई. मैदानात पाच हजार मानूस बसल्यालं असतंय. तितं माझं असं झालं तर? कुनीतरी पुन्यात बसून बटन दाबनार, अन् मी हितं मुका?"

"आता तसं होणार नाही," कुंदाताई म्हणाल्या. "आता तुमचा आवाज तुमच्या खिशातल्या फोनवर राहील. माझा हा बघा, माझ्या पिशवीत आहे."

"तवा बी तुमी असंच म्हनला असता, न्हवं का?"

कुंदाताईंनी खोटं सांगितलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं."

अखेर ते आले, पण मधे एकोणीस दिवस गेले होते. डॉक्टरांनी तपासणीची फिल्म उजेडाकडे धरून बघितली. गाठ जिभेच्या मुळापर्यंत पोचली होती. स्वरयंत्राबरोबर निम्मी जीभ काढावी लागली, एका बाजूची नस तोडावी लागली. माणूस वाचला. कंठमणीही बसवला. पण पट्ट्याला टिपायला तिकडून जे हुकूम यायला हवेत त्यातले काही आता येतच नव्हते. र यायचा नाही आणि ल यायचा नाही. त्या जागी नुसती पोकळी यायची.

पाच महिन्यांनी पुण्यात, रुग्णांच्या तक्रारींवरून नेमलेल्या आरोग्य खात्याच्या चौकशी समितीपुढे सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. एकाच दिवशी दोन्ही बाबी घ्यायच्या होत्या: कंपनीने केलेलं आणि तेजस्विनीने केलेलं. चिटणीस तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी तिला ओळख दिली नाही.

कंपनीचे वकील सावकाश, नेटकं बोलले. सेवेत काही तासांचा व्यत्यय आला. तो दुपारीच दूर झाला. तोही एका कर्मचाऱ्याने अधिकार ओलांडल्यामुळे चिघळला. "थोडक्यात, कोणाचंही कायमस्वरूपी नुकसान झालेलं नाही. एवढं वाक्य नोंदीत यावं अशी माझी विनंती आहे," ते म्हणाले. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. तेजस्विनीने मांडीवरच्या फाइलची कड मुडपून टाकली.

मग साक्षीदाराला पुढे बोलावलं. सर्जेराव धोतर सावरत पुढे गेले.

"नाव सांगा," लघुलेखक मान वर न करता म्हणाला.

"स... जे... आव थो... वडे."

आवाज दणकट होता. मैदान भरून टाकणारा तोच जुना आवाज, पण मधे मधे जागा सुटलेल्या.

"नीट सांगा. पूर्ण नाव."

तेजस्विनी अर्धवट उठली. नाव तिच्या ओठांवर होतं. तिने ते सांगितलं असतं तर एका क्षणात काम झालं असतं. कुंदाताईंनी तिचं मनगट धरलं.

"बस खाली," त्या म्हणाल्या, आणि ते अख्ख्या दालनाला ऐकू गेलं. "त्यांचं नाव ते सांगतील."

सर्जेरावांनी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. कपाळावर घाम आला होता. वकील टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. लघुलेखकाने आता मान वर केली होती आणि त्याच्या लक्षात आलं होतं, पण टंकायचं काय हे त्याला समजत नव्हतं. शेवटी ऐकू आलं तेच त्याने टंकलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "ऑपरेशन ठरलेल्या बुधवारी झालं असतं तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांचं पत्र फाइलमध्ये होतं. जीभ वाचली असती. अध्यक्षांनी ते स्वतः मोठ्याने वाचलं, मग पेन उचललं आणि वकिलांनी सांगितलेलं ते वाक्य एका रेघेत खोडलं.

तेजस्विनीला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला हलकं वाटेल. वाटलं नाही. एक वाक्य खोडलं गेलं, एवढंच. चिटणीस घड्याळ बघत होते.

निकाल यायला आणखी दोन महिने लागले. पूर्वांगकडून सेवा काढून घेतली गेली. स्वरबीजावर रुग्णाशिवाय कुणाचीही मालकी चालणार नाही, असा आदेश निघाला. तेजस्विनीवरची तक्रार रद्द झाली. पगार कमी होता, पण ती आणि अरबाज पुन्हा महाविद्यालयाच्या त्या जुन्या खोलीत बसू लागले. चिटणीसांना दुसऱ्या एका कंपनीत वरची जागा मिळाल्याचं वर्तमानपत्रात आलं. ते वाचून तेजस्विनीने वर्तमानपत्र एवढ्या जोरात टेबलावर आपटलं की अरबाजचा चहा सांडला.

आदेशाची प्रत घेऊन ती आणि कुंदाताई सर्जेरावांकडे गेल्या. तिसऱ्या पानावर साक्षीदारांची नावं होती. सहाव्या ओळीत छापलं होतं: सजेआव थोवडे.

तेजस्विनी संतापली. "बघा यांचा निष्काळजीपणा! सरकारी दस्त आहे हा. मी उद्याच दुरुस्तीचा अर्ज करते. तुमचं नाव नीट छापून घेऊ."

सर्जेरावांनी प्रत हातात घेतली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हल्ली बोलण्याआधी ते थोडं थांबत, जे शब्द पुरे उच्चारता येतील तेवढेच निवडून घेत. त्यांनी कागद तिच्या हातात परत दिला.

"असू द्या," ते म्हणाले. "वाचताना अडकू दे त्यांना."